कंपोनंटनं आज्ञार्थात बोलू नये

महाराष्ट्रातला कुठलाही सरकारी फॉर्म भरायला घ्या, त्यात तीन ड्रॉपडाउन एकाखाली एक असतातच: जिल्हा, तालुका, गाव. जिल्ह्यात पुणे निवडलं की तालुक्याच्या यादीत हवेली, मुळशी, मावळ वगैरे येतात. हवेली निवडली की खाली गावं. यात लिहिण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नसतं. पण काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रकल्पात ‘जिल्हा सातारा, तालुका हवेली’ असे अर्ज जमा व्हायला लागले. माणसानं आधी पुणे निवडलं, मग हवेली, मग लक्षात आलं की गावाकडचा पत्ता द्यायचाय, म्हणून वर जाऊन सातारा केलं. तालुक्याच्या ड्रॉपडाउनला याची खबरच नव्हती. तो आपला हवेली धरून बसला होता.

दुरुस्ती मीच केली, आणि चुकीची केली. जिल्ह्याच्या कंपोनंटमध्ये दोन ओळी टाकल्या: जिल्हा बदलला की पानावर तालुक्याचा ड्रॉपडाउन शोध आणि रिकामा कर. चाललं. टेस्टिंगवाल्यांनी पास केलं. दोनेक महिन्यांनी तोच जिल्ह्याचा कंपोनंट अहवालाच्या पानावर लावला. तिथे फक्त जिल्हा होता, तालुका नव्हताच. कंपोनंट तालुका शोधायला गेला, सापडला नाही, आणि अख्खं पान पांढरं. मग कुणीतरी ‘तालुका असेल तरच’ अशी अट घातली. मग आला दोन पत्त्यांचा फॉर्म, कायमचा आणि सध्याचा. एकाच पानावर दोन जिल्हे, दोन तालुके. आयडीवरून शोधलं की ब्राउझर पहिला सापडेल तो हातात देतो. लोक खाली सध्याचा जिल्हा बदलायचे आणि वर कायमच्या पत्त्यातला तालुका गुपचूप पुसला जायचा. ज्या कंपोनंटच्या फाइलवर आम्ही ‘कॉमन’ अशी मोठ्या अभिमानानं पाटी लावली होती, तो प्रत्यक्षात एकाच पानाचा नोकर होता.

कंपोनंट किती ठिकाणी चालेल हे त्याला आजूबाजूचं किती कमी माहीत आहे यावर ठरतं, असं मी तेव्हापासून मानतो. कल्पना माझी नाही. डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये एकाच लहानशा प्रोग्रॅमचे दोन प्रकारे तुकडे पाडून दाखवले होते. एकदा कामाच्या क्रमानं, म्हणजे आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. आणि एकदा अशा रीतीनं की प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक निर्णय दडलेला असेल आणि तो बाकीच्यांना कळायचं कारणच नसेल. काम दोन्ही करतात. पण एखादा निर्णय बदलला की पहिल्या मांडणीत बऱ्याच तुकड्यांना हात लावावा लागतो, दुसरीत एकाला. ‘तालुका जिल्ह्यावर अवलंबून असतो’ हाही एक निर्णयच आहे. तो मी जिल्ह्याच्या पोटात घातला, ही माझी चूक. तो जिल्ह्याचा नव्हे, तालुक्याचाही नव्हे; तो पत्त्याचा आहे.

मग जिल्ह्यानं काय करायचं? आपल्यापुरतं घडलं ते सांगायचं आणि थांबायचं. ब्राउझरमध्ये सुरुवातीच्या काळापासून असलेला सिलेक्टचा ड्रॉपडाउन बघा. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये तो होता, आजही आहे, आणि जगात त्याच्याइतका पुन्हा पुन्हा वापरला गेलेला कंपोनंट शोधायला कष्ट पडतील. त्याला त्याच्या शेजारी काय आहे ते ठाऊक नसतं. निवड बदलली की तो ‘चेंज’ एवढंच म्हणतो. कुणी ऐकतंय का, ऐकून काय करणार, याची तो फिकीर करत नाही. त्याहून मजेशीर गोष्ट रेडिओ बटणांची. एक दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. नाव पडलं ते जुन्या मोटारींमधल्या रेडिओच्या बटणांवरून. तिथेही एक आत गेलं की दुसरं टप्पकन बाहेर यायचं. वरवर पाहता ही भावंडं एकमेकांशी बोलताहेत असं वाटतं. पण आपण कोडमध्ये फक्त सगळ्यांना एकच ‘नेम’ देतो. एका फॉर्ममधल्या एका नावाच्या बटणांचा गट सांभाळायचं काम ब्राउझरचं. कुठलंही बटण शेजारच्याला ‘तू सूट’ म्हणत नाही.

इथे मराठीचं व्याकरण कामाला येतं. माझ्या मूळ कोडमधला निरोप होता, ‘तालुका रिकामा कर’. हा आज्ञार्थ. आज्ञार्थाला समोर कुणीतरी लागतो, त्याचं नाव माहीत लागतं, त्याला ते काम जमतं हेही माहीत लागतं. ‘जिल्हा बदलला’ हा भूतकाळ. त्याला समोर कुणी नसलं तरी चालतं. अहवालाच्या पानावर तो निरोप हवेत विरला असता आणि पान पांढरं झालं नसतं. स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी १९७४ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये दोन मॉड्यूलमधलं गुंतणं मोजायची भाषा दिली. एका मॉड्यूलनं दुसऱ्यानं काय करावं हे ठरवणं, हे त्या मोजमापात वाईट गुंतणं समजलं जातं. नव्या मुलांना ही मापं शिकवण्यापेक्षा मी सरळ विचारतो, तुझ्या इव्हेंटच्या, म्हणजे निरोपाच्या, नावातलं क्रियापद कुठल्या काळातलं आहे? उत्तर देताना ती स्वतःच चपापतात.

मात्र नुसता भूतकाळ पुरत नाही, हे आम्हाला दुसऱ्या दुरुस्तीत कळलं. आम्ही इव्हेंट बस आणली. म्हणजे दवंडी. एक मध्यवर्ती वस्तू, तिच्यावर कुणीही काहीही पुकारावं, कुणीही कान लावून बसावं. जिल्ह्यानं पुकारलं, ‘जिल्हा बदलला’. तालुक्यानं ऐकलं आणि स्वतःला रिकामं केलं. व्याकरण शुद्ध. कुणालाच कुणाचं नाव माहीत नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. पण दोन पत्त्यांच्या फॉर्मवर दोन्ही तालुके दोन्ही जिल्ह्यांचं ऐकायला लागले. आधी एक चुकीचा तालुका पुसला जायचा, आता दोन्ही जायचे. मग निरोपात ‘कायमचा’, ‘सध्याचा’ अशी खूण आली. तालुक्यात ‘माझी खूण असेल तरच’ ही अट आली. म्हणजे नातं होतंच, ते फक्त फाइलच्या सुरुवातीला दिसेनासं झालं. लेकी बोले सुने लागे: नाव कुणाचंच घ्यायचं नाही, पण लागायचं तिलाच लागावं अशी अपेक्षा मात्र ठेवायची. घरात हा प्रकार किती काळ चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बसचा दुसरा त्रास जास्त छुपा आहे. पॉपअप उघडताना कंपोनंट बसवर कान लावतो. बंद होताना तो कान काढायला हवा. विसरलात तर पडद्यावरून गेलेला पॉपअप मेमरीत ऐकत बसलेलाच असतो. आमच्याकडे ‘पत्ता जोडा’ हा पॉपअप तीनदा उघडून मिटला आणि मग एकदा सेव्ह केलं की एकच पत्ता तीनदा जमा व्हायचा. हे शोधायला दोन दिवस लागले, कारण कोडमध्ये सेव्ह एकाच जागी लिहिलेलं होतं. आम्ही वाचत होतो ती ओळ बरोबरच होती.

या बाबतीत व्ह्यू या फ्रेमवर्कचा इतिहास मला बोलका वाटतो. इव्हान यू यांनी २०१४ मध्ये ते लोकांपुढे आणलं. पहिल्या आवृत्तीत वरच्या सगळ्यांना निरोप उडवायची आणि खालच्या सगळ्यांना पुकारायची, अशा दोन्ही सोयी होत्या. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या काढल्या. तरी लोक एक रिकामी व्ह्यू वस्तू बनवून तिचीच बस करायचे. सप्टेंबर २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्या अंगची कान लावायची आणि काढायची सोयही काढून टाकली. लोकांना आवडणारी सोय परत घेणं कुठल्याही फ्रेमवर्कला जड जातं, कारण शिव्या पडतात. यांनी ती दोन हप्त्यांत परत घेतली.

सगळ्यांचे निरोप सगळ्यांना गेले तरी आणखी एक प्रश्न उरतो: खरं कुणाकडे आहे? २०१४ च्या एफएट परिषदेत फेसबुकच्या अभियंत्यांनी स्वतःच्या चॅटचं उदाहरण दिलं होतं. वरच्या पट्टीवर लाल आकडा दिसायचा, एक न वाचलेला निरोप. उघडून पाहावं तर काहीच नाही. ते दुरुस्त करायचे, थोडे दिवस बरे जायचे, मग आकडा परत. वरची पट्टी, खालची चॅटची खिडकी, निरोपांचं स्वतंत्र पान, या सगळ्यांचा संबंध एकाच गोष्टीशी होता आणि एकातला बदल दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात असा साखळीनं जायचा. यावर त्यांनी फ्लक्स ही मांडणी आणली: माहिती एकाच दिशेनं वाहील, पडदा फक्त दाखवील, काय घडलं ते वर कळवील. पडदे बांधायचं त्यांचंच साधन, रिॲक्ट, त्याच्या वर्षभर आधी, मे २०१३ मध्ये, खुलं झालं होतंच. त्याच भाषणात त्यांनी खापर एमव्हीसीवर, म्हणजे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या जुन्या मांडणीवर, फोडलं, ते मात्र मला अन्यायाचं वाटतं. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कमध्ये एमव्हीसी मांडलं, तेव्हाही व्ह्यूनं (इथे फ्रेमवर्क नव्हे, दाखवणारा भाग) मॉडेलला विचारून दाखवायचं हाच करार होता. एका व्ह्यूनं दुसऱ्या व्ह्यूचा कान पिळायचा असं त्यात कुठे नव्हतं. बिघडलं ते आपण, वेबवर आणताना.

आता, सगळं वरच्या फॉर्मनंच सांभाळायचं या मांडणीवरचा आक्षेप. आणि तो खरा आहे. जिल्हा आणि तालुका पडद्यावर एकमेकांना चिकटून बसलेत, तरी निरोप आधी वर फॉर्मकडे जाणार आणि तिथून खाली येणार. काखेत कळसा नि गावाला वळसा. दोनच पायऱ्या असतील तर ठीक. पाच असल्या तर मधल्या चौघांना आपल्याला नको असलेली माहिती हातोहात खाली द्यावी लागते. वरून खाली दिलेल्या माहितीला रिॲक्टवाले प्रॉप म्हणतात आणि या प्रकाराला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात, आणि दात ओठ खाऊन म्हणतात. माझा अनुभव असा की दहापैकी सात-आठ वेळा दोष मधल्या चौघांच्या बांधणीत असतो. फॉर्मचा कप्पा, कप्प्यातली रांग, रांगेतला रकाना, हे सगळे आतलं सामान स्वतः बनवायला बघतात. त्यांनी नुसती जागा द्यावी आणि आत काय ठेवायचं ते वरच्यानं ठरवावं, म्हणजे फॉर्म तालुक्याचा ड्रॉपडाउन स्वतःच्या हातानं बनवून तयार ताट आत सरकवतो आणि मधल्यांना काही वाहून न्यावं लागत नाही. रिॲक्टनं मार्च २०१८ मध्ये मधल्यांना वगळून माहिती खाली पोचवणारं नवं कॉन्टेक्स्ट दिलं, आणि त्यांच्याच माहितीपुस्तिकेनं आधी हा उपाय करून बघा असं सुचवलं होतं. ते पान फार थोड्यांनी वाचलं.

उरलेल्या दोन-तीन वेळांसाठी कॉन्टेक्स्ट आहे, सगळी माहिती एका जागी ठेवणारं स्टोअर आहे. भाषा मराठी की इंग्रजी, लॉगिन कोण, असल्या गोष्टींना ते शोभतं. पण २०१५ मध्ये रिडक्स हे स्टोअर आलं आणि आम्ही ड्रॉपडाउन उघडा आहे की मिटलेला हेही स्टोअरमध्ये ठेवायला लागलो. नाकापेक्षा मोती जड. रिडक्सच्या दोन कर्त्यांपैकी एक, डॅन अब्रामोव्ह, यांनी पुढच्याच वर्षी लेख लिहून सांगितलं की तुम्हाला कदाचित याची गरज नसेल. यात मला जास्त खटकतं ते वेगळंच. तालुक्याचा कंपोनंट जेव्हा स्वतःच स्टोअर उघडून त्यातल्या पत्त्यातल्या जिल्ह्यापर्यंत हात घालतो, तेव्हा तो शेजाऱ्याच्या घरात घुसण्याइतकाच बांधला गेलेला असतो. त्याला दुसऱ्या प्रकल्पात न्यायचं तर मागून अख्खं बिऱ्हाड न्यावं लागतं. स्टोअर ठेवा, पण ते वाचणारा फॉर्म असू द्या. तालुक्याला तयार यादी मिळू द्या.

बस किंवा स्टोअरकडे लोक का धावतात, याचं एक कारण तांत्रिक नाही. मधल्या कंपोनंटमध्ये एक प्रॉप वाढवायचा तर तो ज्या टीमचा आहे तिला विचारावं लागतं. त्यांचं स्प्रिंट भरलेलं असतं, त्यांचा लीड रजेवर असतो. बसवर एक निरोप टाकला की कुणालाच विचारावं लागत नाही. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी बोलतात तशीच तिथली सिस्टिम घडते. न बोलणाऱ्या टीमची सिस्टिम आडून बोलते. आमची तशीच बोलत होती.

निरोप कुठून कुठे जातो यावर एवढी चर्चा होते, निरोपात काय असावं यावर फारशी नाही. आमचा जिल्हा सुरुवातीला नाव पाठवायचा, जसं पडद्यावर दिसतं तसं. कुणी वरून भाषा इंग्रजी केली की तेच नाव रोमन लिपीत जायचं आणि तालुक्यांची यादी रिकामी यायची. नंतर २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि ज्यांनी ज्यांनी नावावर भिस्त ठेवली होती त्यांची धावपळ उडाली. निरोपात जिल्ह्याचा कोड जावा, नाव नको; नाव हा दाखवण्याचा मामला. याउलट १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा धरून आठ तालुके तिकडे गेले, तेव्हा नावं नव्हे, नाती बदलली होती. ज्याच्या यादीत ती नाती एका जागी होती त्यानं ती यादी बदलली. ड्रॉपडाउनच्या कोडमध्ये ‘ठाणे असेल तर’ असं लिहिणारेही असतात. त्यांचं काय झालं असेल ते मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, अशानं वरचा फॉर्म लठ्ठ होतो. सगळं शहाणपण त्याच्याच डोक्यात. होतो. आमचाही झाला होता, हजारेक ओळींचा. तेव्हा पत्त्याचे नियम काढून एका साध्या फंक्शनमध्ये ठेवले, ज्याला पडद्याचा गंध नाही. पण लठ्ठ फॉर्म ही उघड्यावरची अडचण आहे, फाइल उघडली की दिसते. बसवर विखुरलेलं तेच शहाणपण दिसतच नाही, आणि न दिसणारी गोष्ट कुणी बारीक करायला घेत नाही.

वेबची मानकं ठरवणाऱ्या मंडळींचा कल कुठे आहे तेही बघण्यासारखं आहे. वेब कंपोनंटमध्ये शॅडो डॉम नावाचं कुंपण असतं. आतून तुम्ही स्वतःचा कस्टम इव्हेंट उडवला तर तो मुळात कुंपणाच्या आतच राहतो. बाहेर जावा असं वाटत असेल तर ‘कंपोज्ड’ असं मुद्दाम लिहावं लागतं. क्लिकसारखे ब्राउझरचे इव्हेंट बाहेर जातात, पण बाहेर ऐकणाऱ्याला ते आतल्या बटणावरून आले असं दिसत नाही, कंपोनंटकडून आले एवढंच दिसतं. घरातलं कोण बोललं ते गुलदस्त्यात, घर बोललं इतकंच गल्लीला कळतं. ही काळजी ब्राउझरनं घेतली; आपण आपल्या बसवर ती घेतली नव्हती.

आज्ञार्थ अगदीच बाद आहे असं मात्र नाही. फॉर्ममध्ये चूक निघाली की कर्सर पहिल्या चुकलेल्या जागी न्यायचा असतो. तिथे वरचा खालच्याला ‘फोकस घे’ म्हणतो, आणि तेच योग्य. व्हिडिओला ‘चालू हो’ म्हणावंच लागतं. ज्यानं कंपोनंट बनवून तिथे ठेवला, तो त्याला नावानं ओळखतो आणि त्याला हुकूम देऊ शकतो. हुकूम वरून खाली, क्वचित, तोही उघड. खालून वर किंवा शेजारी नको.

ॲलन के यांनी १९९८ मध्ये खंत व्यक्त केली होती की आपण ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द रूढ केला आणि लोक वस्तूंकडेच बघत बसले. मोठी कल्पना निरोपांची होती. आजही कंपन्यांच्या डिझाइन सिस्टिमचे सुंदर कॅटलॉग उघडा: बटण निळं, बटण राखाडी, ड्रॉपडाउन मिटलेला, ड्रॉपडाउन उघडा. तो काय घेतो हे एखाद्या तक्त्यात असतं. तो काय बोलतो आणि केव्हा बोलतो, हे कित्येकदा कुठेच नसतं. तालुक्याची यादी बाहेरून बदलली आणि जुनी निवड गेली, तर ड्रॉपडाउननं ‘बदललं’ म्हणायचं की नाही? ब्राउझरचा सिलेक्ट म्हणत नाही. माणसानं स्वतः बदललं तरच म्हणतो. आमचा म्हणायचा, त्यामुळे गावाचा ड्रॉपडाउन उगाच सर्व्हरकडे धावायचा. हे लिहून ठेवायला अर्धी ओळ लागते.

सध्या आमचा तालुका तीन गोष्टी घेतो: यादी, निवडलेला कोड, आणि बंद की चालू. बोलतो एकच वाक्य. अहवालाच्या पानावर तो नाही, दोन पत्त्यांच्या फॉर्मवर दोनदा आहे, आणि त्याला दोन्हींचा पत्ता नाही. सोमवारी कामावर गेलात की तुमच्या प्रकल्पातल्या इव्हेंटची नावं एकदा नुसती वाचून काढा. जिथे ‘कर’, ‘उघड’, ‘पूस’ दिसेल तिथे विचारा, हे कुणाला म्हटलंय? नाव सांगता आलं तर मधली बस काढा आणि तो हुकूम त्याच्या मालकाकडून सरळ देववा. नाव सांगता आलं नाही तर तो इव्हेंट पुसून बघा. काय मोडतं ते दुपारपर्यंत कळेल.